प्लगच्या वायरीला बांधलेला दोरा

चौथ्यांदा दोरी ओढली तरी इंजिनाने हूं की चूं केलं नाही. म्हातारा सीटवर वाकून बसला होता, छातीवर मूठ दाबून. ओठ जांभळे पडले होते. डोंगरावर दोघांच्याही फोनला रेंज नव्हती. खाली गाव दीड तासाच्या वाटेवर, तेही गुडघाभर बर्फातून, आणि मला घरातला जिनासुद्धा बसत बसत उतरावा लागतो. गाडी चालू झाली नाही तर हा माणूस माझ्यासमोर जाणार, एवढं सरळ होतं.

म्हातारा म्हणजे आमचा शेजारी, एकटा राहणारा जर्मन. गाडी म्हणजे बर्फावरची स्कूटर. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, आणि वय पन्नासच्या वर. डोंगरावर त्याची एक लाकडी खोली होती, तिथपर्यंत गाडी न्यायची त्याला परवानगी होती.

माझा मुलगा इथे जर्मनीत एर्लांगेनला नोकरीला जातो, सूनही नोकरी करते. दोघं सकाळी निघतात आणि संध्याकाळी दमून येतात. नात शाळेतून आली की मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि दार लावून घेते. घरात दिवसभर माझाच आवाज, तोही कुकरला शिव्या देताना. तक्रार नाही, आहे ते सांगते.

थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा शेजारच्या शेडमधून आवाज आला. कुणीतरी इंजिनाची दोरी ओढत होतं आणि इंजिन चालू होत नव्हतं. मिरजेत ह्यांचं स्कूटरचं गॅरेज होतं. तीस वर्षं प्लग मी पुसले, करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मी घासले. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तेवढं ह्यांचं. मी कुंपण ओलांडून गेले. प्लग काढला, इंजिनाला टेकवला आणि म्हाताऱ्याला दोरी ओढायची खूण केली. ठिणगी नाही.

"करंट नाही हो," मी म्हटलं.

तो जर्मनमध्ये बरंच काही बोलला. मी त्याच्या हातातून पाना घेतला.

पुढे महिनाभर आम्ही तेच केलं. पॉइंट गंजले होते, ते काचपेपरने घासले. कंडेन्सर बदलला, तरी ठिणगी पिवळी, मरतुकडी. मग कॉइल बदलली तेव्हा कुठे ती निळी झाली. तो मला 'शेफिन' म्हणायचा. म्हणजे मालकीणबाई, मुलाने सांगितलं. मी मराठीत बोलायचे, तो जर्मनमध्ये. ह्यांचं शेवटचं आजारपण मी त्याला एका दुपारी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तो "याऽ, याऽ", म्हणजे हो हो, करत काचपेपर फिरवत राहिला. घरात मी ते कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

खंडेनवमीला गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा व्हायची, तशी मी त्याच्या शेडमध्ये केली. पाने मांडले, गाडीला हळदकुंकू लावलं. नाडाछडीचा दोरा हँडलला बांधायचा असतो. पण सगळा त्रास करंटचा, म्हणून मी तो प्लगच्या वायरीला गुंडाळला, चांगले सात वेढे. म्हातारा टोपी काढून उभा राहिला होता.

बर्फ पडल्यावर त्याने मला मागे बसवून वर नेलं. गाडी झकास चालली. वर तासभर थांबलो. त्याने चुलीसाठी ओंडके उचलले, मी नको नको म्हणत असताना. उतरायला निघालो आणि त्याने छाती धरली.

प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही. पॉइंट उघडायला तिथे हत्यार नव्हतं. पण सकाळी जे ठीक होतं ते तासाभरात का बिघडेल? झाकणाच्या आत शिरलेलं बर्फ इंजिनाच्या उष्णतेने वितळलं होतं, सगळं ओलं होतं. मी शाल डोक्यावरून इंजिनावर ओढली, आत अंधार केला आणि एका हाताने दोरी ओढली. टिक. वायरीतून इंजिनाच्या पत्र्यावर बारीक निळी ठिणगी उडाली. नेमकी माझ्या दोऱ्याच्या जागी. जुनी वायर तिथे चिरलेली होती. चीर दोऱ्याखाली झाकली गेली होती, आणि दोरा पाणी पिऊन करंट बाहेर काढून देत होता. गॅरेजमध्ये कुणी वायरीला असा दोरा गुंडाळला असता तर मी त्याच्या हातावर पाना मारला असता.

"अहो, डोळे मिटू नका," मी ओरडले.

"शेफिन," तो म्हणाला, "फुंके?" म्हणजे ठिणगी आहे का.

"आहे. भलतीकडे जातेय. मेली माझीच चूक."

दोरा दातांनी तोडला. वायर पदराने कोरडी केली. दशम्यांची प्लास्टिकची पिशवी फाडून चिरेवर घट्ट गुंडाळली, वर केसांचं रबर लावलं आणि वायर पत्र्यापासून लांब वळवली. दुसऱ्या ओढीला इंजिन चालू झालं.

मी ती गाडी कधी चालवली नव्हती. म्हाताऱ्याला शालीने माझ्या पाठीशी बांधलं आणि खाली आणलं. एकदा झाडाला घासलो. पहिल्या घरापाशी मी हॉर्न शोधला, सापडला नाही, मग बोंब मारली.

इस्पितळात मी मुलाला म्हटलं, "त्यांना सांग, दोरा मी बांधला होता. त्यानेच गाडी बंद पडली."

"आई, कशाला? सगळे तुझं कौतुक करतायत."

"सांग म्हणते ना."

त्याने सांगितलं. म्हातारा काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?"

"ओंडके मी उचलले होते, म्हणतात."

पंधरा दिवसांनी त्याची मुलगी त्याला बॉनला घेऊन गेली. शेडला कुलूप लागलं. सणाला मुलगा फोन लावून देतो. मी मराठीत बोलते, तो जर्मनमध्ये, दोन-तीन मिनिटांत संपतं. फोनवर हातात काही करायला नसतं.

त्या दिवशी डोंगरावर दोघं होतो. दोघंही वाचलो.