माझा माईक जावयाकडं

रोह्यात मी आणि माझ्या मावसभावानं टीव्हीवर दाखवतात तसल्या नाटकी कुस्तीची कंपनी काढली. तो पैलवान, मी माईकवर आरोळ्या ठोकणारा. मग पेणच्या एका गणपती कारखानदारानं विसर्जनानंतर रिकामी पडणारी शेड दिली. कंपनी तिकडं गेली आणि माझा माईक गेला कारखानदाराच्या जावयाकडं.

मी बघायला गेलो. जावई माझीच आरोळी ठोकत होता, पब्लिक शिट्ट्या मारत होतं.

भाऊ म्हणाला, “शेड त्याच्या सासऱ्याची हाय. जळतोस कशाला?”

“जळू नको तर काय आरती ओवाळू?”

म्हटलं, याची इज्जतच काढतो. त्याच्या मागं पडद्याआड उभा राहून हुबेहूब त्याच्या आवाजात ओरडलो, “माझा सासरा लय चिकट हाय!”

पब्लिक पोट धरून हसलं. टाळ्या मात्र त्यालाच! सासरासुद्धा वाजवत होता.