गाडीचा दम आणि किसनभाऊंची ट्यूब

शनिवारी सकाळी इथे मूल गावात आमच्या अंगणात जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही... तीन वेळा साबण लावला तरी हाताचा ग्रीसचा वास जात नाहीये, आणि मला तो चक्क आवडतोय!

माझी गाडी जुनी, डिझेल, टर्बोवाली. मी रोज मूलहून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडच्या एका शाळेत शिकवायला जाते. बराचसा रस्ता जंगलाचा, आणि तिकडची पहिली बस पोचते तोवर माझा दुसरा तास संपलेला असतो.

महिनाभरापासून या गाडीचा दमच गेला होता. उभी असताना इंजिन कसं शहाण्यासारखं चालायचं. पण पुलाची चढण आली की ॲक्सिलरेटर पार खाली दाबा, बाईसाहेब पन्नासच्या वर जायला तयार नाहीत... मागे नुसता काळा धूर.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. इंजिनला हवेचं प्रेशर कमी मिळतंय, म्हणजे टर्बो गेला, बदला, असा निकाल लागला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. नवा बसवणं आमच्या आवाक्यात नव्हतं. नवऱ्याने तर लगेच गिऱ्हाईकच शोधलं, रविवारी येऊन गाडी घेऊन जाणारं.

गाडी गेली की मला शाळेच्या गावी खोली करून राहावं लागणार होतं. आणि माझी लेक स्वरा इथे, तिच्या बाबांजवळ... ती दुसरीत आहे. तिच्या वेण्या माझ्याशिवाय कुणी घातलेल्या तिला चालत नाहीत. त्या आठवड्यात तिच्या डोक्याला तेल लावताना मला दोनदा रडू आलं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी शाळेतून परतताना तलावाच्या फाट्यावर आमचे शेजारी किसनभाऊ उभे दिसले. भाऊ तलावात मासे धरतात. ट्रकची ट्यूब फुगवायची, त्यावर बसायचं आणि हाताने पाणी कापत जाळं टाकायचं, ही त्यांची नाव. हवा काढलेली ट्यूब खांद्यावर टाकूनच ते गाडीत बसले.

चढणीवर गाडी नेहमीसारखी रडायला लागली. भाऊंनी काच खाली केली आणि कान बाहेर काढला.

"मॅडम, तुमची गाडी कुठूनतरी हवा सोडून राह्यली. माह्या ट्यूबले बारीक भोक पडलं का असाच आवाज येते."

मी पाय काढला, आवाज बंद. दाबला, परत फुस्स... महिनाभर मी काचा लावून, गाणी लावून हीच गाडी चालवत होते!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टर्बो हवा देत असेल आणि ती वाटेतच सुटत असेल तर? टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणारा रबराचा जाड पाइप मी मोबाइलवर बघून ठेवलाच होता. गॅरेजवाल्याने तो वरून बघून सोडून दिला होता. वरून तो ठणठणीतच दिसत होता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून तो पाइप काढला. भाऊंनी एका तोंडात लाकडाचा गुटका बुचासारखा ठोकला. दुसऱ्या तोंडावर जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्हवाला तुकडा ताणून तारेने आवळला. सायकलच्या पंपाने हवा भरली आणि पाइप कपड्याच्या टबात बुडवला.

आधी काहीच नाही. माझा जीव टांगणीला... मग भाऊंनी अजून चार-पाच पंप मारले आणि पाइपच्या खालच्या बाजूने बुडबुड्यांची माळच वर आली! मी अंगणात अशी ओरडले की समोरच्या काकू हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या.

बोटभर चीर होती. हवा कमी असली की मिटायची, जोर आला की उघडायची.

पण चीर पडली कशाने? भाऊ गाडीखाली सरकले आणि तिथूनच हसायला लागले. "मॅडम, ही कोंबड्याची जाळी इथी कोनं बांधली?"

मी नवऱ्याकडे बघितलं. आमची गाडी धानाच्या पोत्यांच्या शेजारी उभी राहते, तिथे उंदीर फार. मागे उंदरांनी एक वायर कुरतडली, तेव्हा या माणसाने मोठ्या कौतुकाने गाडीला खालून जाळी बांधली होती. तिचं कापलेलं टोक रोज पाइपला घासत होतं... आणि हाच माणूस महिनाभर मला सांगत होता की गाडी म्हातारी झाली!

"माह्यावर काऊन पाहून राह्यली? उंदरं तर नाई ना आले मंग!" एवढं बोलून तो चहा ठेवायला आत पळाला. लग्नानंतर पहिल्यांदाच, आपणहून.

चिरेवर भाऊंनी ट्यूबचं रबर गुंडाळून वरून दोन क्लिपा आवळल्या. गाडी थोडी लांब नेऊन बघितली आणि काय सांगू... चढणीवर पाठ सीटला टेकली! मी गाडीतच टाळ्या वाजवणार होते, भाऊंनी स्टिअरिंग धरायला सांगितलं. गिऱ्हाइकाला तिथूनच फोन करून नाही म्हटलं. नवरा दुपारी चंद्रपूरहून नवा पाइप घेऊन आला. जाळी आता भाऊंच्या कोंबड्यांना कामी आली आहे.

आज सोमवार. सकाळी स्वराच्या दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या आणि मग निघाले. पूल कधी आला आणि कधी गेला, कळलंच नाही.

किसनभाऊ फेसबुकवर नाहीत, त्यामुळे ही पोस्ट मी संध्याकाळी त्यांच्या दारात बसून वाचून दाखवणार आहे. माझी लेक माझ्याजवळ राहिली ती तुमच्या कानामुळे, भाऊ... गडबडीत हे एवढंच तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.