न झोंबणारी गाठ

आमच्या हौसाआत्याला एकच स्तन होता, आणि हे ती कुणालाही सांगायची.

हळदीच्या मांडवात. बसची वाट बघताना. घरात नवीन आलेल्या सुनेला तर पहिल्याच आठवड्यात.

आज सकाळी आत्या गेली. नव्वदी कधीच पार केली होती तिनं.

नात्यानं ती माझ्या आजोबांची बहीण. पण आमच्या जूचंद्र गावात ती सगळ्यांचीच आत्या.

ती मिठागरात वाढली. आता जिथे टॉवर दिसतात, तिथे तेव्हा उन्हात चमकणारे मिठाचे ढीग होते. बायका लाकडी फळीनं मीठ ओढायच्या, टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून रांगेत चालायच्या. रांगेतली पहिली बाई गाणं धरायची, मागच्या उचलायच्या. दुपारी तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील.

आत्या सांगायची तेव्हा मला त्या बोंबलाचा वास यायचा. शप्पथ.

या बायकांची एक test होती.

अंगाला काही झालं की त्यावर मिठागराचं खारं पाणी ओतायचं. झोंबलं तर जखम, हळद लावा. झोंबलं नाही तर काही नाही, कामाला लागा.

आत्याच्या आईला छातीत गाठ लागली, तेव्हाही हेच केलं. स्वातंत्र्याच्या थोडं आधीची गोष्ट. पाणी ओतलं. झोंबलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

ती गाठ पुढे फुटली, तेव्हा झोंबली. तोवर काहीच हातात राहिलं नव्हतं.

मग पन्नासच्या दशकात, दोन मुलं झाल्यावर, आत्याला स्वतःला गाठ लागली. न्हाताना. डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी, कडक. दुखत नव्हती.

तिनं सासूला सांगितलं. सासूनं तांब्या भरून खारं पाणी आणलं.

झोंबलं नाही.

"मंग काय नाय गो," सासू म्हणाली. "दुधाची गाठ आसंल. शेक दे."

आत्या तशीच बसून राहिली. तिला आई आठवली. मग म्हणाली, "आयची पन झोंबली नव्हती."

बस. एवढंच.

मी graduate झाले, आमच्या घरातली पहिली. तीन वर्षं सायन्स शिकले. पण पुरावा तपासणं म्हणजे काय, हे मला या एका वाक्यानं शिकवलं.

पुढचं सोपं नव्हतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, तिथे डॉक्टर पुरुष. सासू म्हणे, परक्या माणसापुढे चोळी सोडणार, घराण्याची अब्रू जाईल. आत्याचे यजमान दोघींच्या मध्ये गप्प. शेवटी आत्याच सासूला म्हणाली, "तू चल संगती. तुज्यासमोर बघंल तो."

आणि सासू खरंच गेली.

इतकंच नाही, डॉक्टर तपासायला लागल्यावर तिनं त्याला भिंतीकडे बघायला सांगितलं. हे सांगताना आत्या हसून हसून खोकायची. म्हणायची, बिचारा तरुण डॉक्टर, म्हातारीच्या धाकानं जरासा वळलासुद्धा.

गाठ कॅन्सरची निघाली. पण लहान होती, पसरली नव्हती. ऑपरेशन झालं. तेव्हाच्या पद्धतीनं सगळा स्तन काढला.

परत आल्यावर डावा हात वर जाईना. टोपली डोक्यावर चढवायला बाकीच्या बायका हात द्यायच्या. कुणी हळहळलं की आत्या म्हणायची, "एका बाजूचा वजन उतरला. आता सरल चालता येत नाय, तेवढाच तरास."

तेव्हापासून संध्याकाळी अंगावरचं मीठ धुवायला बायका विहिरीवर जमल्या की ही प्रत्येकीला विचारायची. बघितलंस काय? हात लावून बघितलंस काय? बायका चिडवायच्या, "आली गो डाक्टरीन." तिला फरक पडायचा नाही.

मलाही विचारायची. रिझल्टच्या दिवशी पेढा तोंडात असताना विचारलं.

प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. बहुतेक नसतातच. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला अनेकदा दुखत नाही, म्हणून दुखायची वाट बघू नका. आकार बदलला, कातडी ओढली गेली, निप्पलमधून पाणी किंवा रक्त आलं, तरी डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला झाला असेल तर आधीपासूनच विचारा, तपासणी कधी सुरू करू.

आज सकाळी आम्ही बायकांनी आत्याला शेवटची आंघोळ घातली. तो जुना व्रण मी पुसला. हाताला अगदी मऊ लागला.

तेव्हा माझ्या शेजारी सुमनकाकी होती. आत्याची सून. शेवटचं वर्षभर आत्याचं सगळं तिनंच केलं.

ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मना पन गाठ लागतेय गो. दोन महिने झाले. आत्यांच्या आजारपनात माझा कुठं काढू?"

माझे हात थांबले.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, बारावं होऊ दे, मग बघू. सुतकात बाहेर पडले तर लोक काय म्हणतील.

मी म्हटलं, काकी, उद्या.

 तिनं होकाराची मान हलवली.

हे काकीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, नायतर सगले विचारत बसतील.

तर, उद्या भेटायला येणाऱ्यांना विनंती. सकाळी काकी आणि मी हॉस्पिटलात असू. कृपया दुपारनंतर या.

आत्या, तू आता आराम कर. काकीबरोबर मी आहे.