रुसव्याचा टॉवेल

माझे थोरले साडू आजवर फोनवरचे जितके ग्रुप सोडून आले आहेत, तितक्या ग्रुपांत आमच्या शिरूर कासार तालुक्यातला दुसरा माणूस मुळात शिरलेलाच नसेल. चार ओळखीची माणसं गोळा करून ग्रुप काढायचा, एकाला ॲडमिन करायचं आणि मग आयुष्यभर त्याच्या नावाने बोटं मोडायची, ही रीत आता घरोघरी आहे. पण बाहेर पडण्याला साडूंनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती कुणालाच जमली नाही. नातेवाइकांचा ग्रुप त्यांनी सोडला, कारण तिथल्या ॲडमिनने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या पुतण्याने, बारशाच्या निमंत्रणात त्यांचं नाव आठवं घातलं. निवृत्त कर्मचाऱ्यांचा सोडला, कारण यांच्या वाढदिवसाला ॲडमिनने नुसता केक पाठवला आणि दुसऱ्या कुणाला केक अधिक गुच्छ. भजनी मंडळाचा का सोडला हे त्यांना स्वतःलाही आठवत नाही, पण "कारण लई मोठं व्हतं" एवढं ते आजही ठामपणे सांगतात. एसटीच्या वेळा कळवणारा ग्रुपसुद्धा त्यांनी तत्त्वासाठी सोडला आणि पुढे दोन महिने गाडी चुकवत राहिले.

साडू ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते. बदलीच्या फेऱ्यात त्यांना नेमकी सासुरवाडीच मिळाली आणि निवृत्त झाल्यावरही ते इथून हलले नाहीत. त्यामुळे ते सगळ्या गावाचे दाजी. जावयाचे लाड चार दिवस करायचे असतात. यांचे गावाने तीस वर्षं केले. मीही याच गावचा जावई, पण इथल्या शाळेत मास्तर असल्यामुळे मला सगळे सर म्हणतात आणि मानपानाऐवजी भरायला फॉर्म देतात. फोन यायच्या आधी दाजी पंगत सोडायचे. फेटा आधी दुसऱ्याला बांधला किंवा वाढणारा यांच्या पानाकडे न बघता पुढे सरकला, की दाजी उठून मांडवाबाहेरच्या बाभळीखाली जाऊन बसत. मग दोन कर्ती माणसं टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन तिकडे जात. दाजी दोनदा नाही म्हणत आणि तिसऱ्यांदा उठत. दोनाचे तीन नकार कधी झाले नाहीत, कारण तोवर भात निवतो याची त्यांना कल्पना असे.

पुढे गावाचा ग्रुप निघाला. आमची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या घालून राहतात. त्यांना गावची खबर कळावी आणि त्यांची गावाला, हा हेतू. ॲडमिन म्हणून मला नेमलं, कारण मास्तराला वेळच वेळ असतो असा गावाचा जुना समज आहे. सकाळी सकाळी शुभेच्छांची इतकी चित्रं यायला लागली की कोपीवरच्या बायामाणसांचे फोन भरून बंद पडू लागले. मी चित्रं टाकायला बंदी केली आणि होती ती पुसली. त्यांत झूल घातलेल्या बैलाचं एक चित्र दाजींचं होतं. पाच मिनिटांत पडद्याच्या मधोमध करड्या अक्षरांची ओळ उमटली, की दाजींनी ग्रुप सोडला.

त्या ओळीवर त्यांचा फार जीव. निरोपाचं भाषण त्यांनी कधी लिहिलं नाही. जाणारा माणूस बोंबलत गेला तर तो गेला नाही, तो नुसता भांडला, असं त्यांचं मत होतं. ती एक ओळ दोनशे माणसांच्या फोनवर एकदम उमटते आणि दोनशे घरांत क्षणभर शांतता पसरते, असं चित्र ते मनाशी रंगवत. मी फोन केला तर तो आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने उचलला. "बाजंवर बसलेत," त्या म्हणाल्या. "टावेल घिऊन या. त्याबिगर उतरायचे न्हाईत." मी टोपी, टॉवेल, नारळ घेऊन गेलो. दोनदा नाही झालं, चहा झाला, आणि मी त्यांना परत ग्रुपात घेतलं. एकदा केलं ते कायमचंच झालं.

त्यानंतर कारणांना तोटा नव्हता. तळावरच्या एका बैलाचा खांदा जुवाने सुजला म्हणून दाजींनी उपायाचा आवाजी संदेश पाठवला, तो नऊ मिनिटांचा. पहिली सहा मिनिटं त्यांच्या नोकरीची हकिगत, आणि सातव्या मिनिटाला बैल. थोडक्यात सांगता आलं तर बघा, असं मी नम्रपणे सुचवलं, दाजी बाहेर. ग्रामपंचायतीच्या मतदानादिवशी भांडणं नकोत म्हणून मी एक दिवस सगळ्यांचं लिहिणं बंद ठेवलं. माझं तोंड बांधलं म्हणून दाजी बाहेर. हवामानवाल्यांचा पावसाचा अंदाज मी ग्रुपावर वर अडकवून ठेवला, दाजींच्या मते पाऊस नव्हता, दाजी बाहेर. पाऊस खरंच आला नाही, तेव्हा त्यांनी परत यायला दोन टॉवेल मागितले आणि मी ते दिले. आक्का म्हणायच्या, "ग्रुप सोडतेत, आन् बाहीर पडून च्या मला मागतेत." टॉवेल ते वापरत नसत. घडीही न मोडता कोनाड्यात रचून ठेवत आणि आल्यागेल्याला ती थप्पी दाखवत.

अशात एके दिवशी त्या फोनवाल्यांनी काहीतरी बदललं आणि कुणी ग्रुप सोडला की ती करडी ओळ सगळ्यांना दिसेनाशी झाली. फक्त ॲडमिनला दिसायची. म्हणजे एकट्या मला. दाजींना हे सांगावं, असं माझ्या मनात आलं होतं, पण बाजेवर बसून ते "लोक काय म्हणतेत?" असं विचारू लागले आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. सरपंच अस्वस्थ आहेत, असं मी म्हणालो. पुढच्या वेळी दोघांनी तीनतीनदा विचारलं. त्याच्या पुढच्या वेळी खालच्या आळीतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं मी हे करत होतो आणि टॉवेल घेऊन चालताना वाटेतच लोकांचा शोक जुळवत होतो. खरं सांगायचं तर मला त्यात गंमत वाटायला लागली होती.

गेल्या उन्हाळ्यात गावात लग्न होतं. तोडीला गेलेली माणसं परत आली होती. दाजी तेव्हा बारा दिवस बाहेर होते. एकच संदेश त्यांनी पाचदा टाकला होता आणि मी त्यातले चार पुसले होते. शाळेच्या परीक्षांमुळे मला टॉवेल घेऊन जाणं जमलं नव्हतं. दाजी मांडवात पुढच्या खुर्चीवर छाती काढून बसले, की आता लोक येतील आणि विचारतील. कुणी आलं नाही. शेवटी खालच्या आळीतली एक बाई आली. मागे तळावर ज्या बैलाचा खांदा सुजला होता, तो तिचाच.

"दाजी, तुमचं त्ये खांद्याचं बोलणं आमी कोपीवर परत परत लावायचो," ती म्हणाली. "बैल बसला व्हता, उठला बगा."

"म्या न्हाई आता ग्रुपात," दाजी गंभीरपणे म्हणाले.

"कावून न्हाई? हायेत की," म्हणत तिने फोन काढला आणि तो नऊ मिनिटांचा संदेश लावून दिला. भर मांडवात दाजींची नोकरीची हकिगत सुरू झाली. दाजींनी आणखी पाचसहा जणांना विचारलं. ते बाहेर पडलेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या वेळचं नाही आणि मागच्या दोन वर्षांतलंही नाही. एवढ्यात पंगत बसली. मी मठ्ठा वाढत होतो. आता हे पानावरून उठतात, म्हणून मी बाभळीकडे बघून ठेवलं. पण दाजी उठले नाहीत. पुढ्यात आलं ते त्यांनी मुकाट्याने खाल्लं, आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

त्या संध्याकाळी ते स्वतः माझ्या घरी आले. ॲड करा, म्हणाले. मी टॉवेल शोधायला उठलो तर हाताने बसा म्हणून खुणावलं.

"फकस्त तुमालाच दिसतं?"

"फक्त ॲडमिनला," मी म्हणालो.

"मंग ती रडलेली बाई?"

तिला मीच रडवलं होतं, असं मी कबूल केलं. ते म्हणाले, "मंग तुमी कावून येत व्हता, टावेल घिऊन?" मांडवातल्या त्या बाईच्या फोनात तुम्ही होतातच, म्हणून तर तिला तुम्ही गेल्याचं कळलं नाही, असं काहीतरी मी सांगून पाहिलं. "त्यो आवाज जुना हाय," एवढं बोलून ते निघून गेले.

तेव्हापासून दाजी आदर्श सदस्य झाले. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, हात जोडल्याची खूण वेळेवर. आवाजी संदेश बंदच. दिवाळीनंतर लोक पुन्हा तोडीला गेले. तळावरून कुणी बैलाचं विचारलं की दाजी दोन शब्द लिहायचे, 'डॉक्टरला दाखवा', आणि डॉक्टर तिथून कोसभर लांब. मी त्यांना डिवचून पाहिलं. त्यांचा धडधाकट संदेश विनाकारण पुसला. जनावरांबद्दल एका केशकर्तनवाल्याचं मत वर अडकवून ठेवलं. दाजींचं उत्तर आलं, 'बरं'. ज्या माणसाच्या दारी टॉवेल घेऊन जाताना मी वाटभर चरफडलो होतो, तो माणूस समोरच्या आळीत राहत असताना मला त्याची आठवण यायला लागली.

परवा रविवारी तळावरून त्याच बाईचा संदेश आला. दुसऱ्या बैलाचा खांदा धरला होता. खाली दाजींचे दोन शब्द. मी दुकानात जाऊन टोपी, टॉवेल आणि नारळ घेतला आणि त्यांच्याकडे गेलो. ते बाजेवर बसले होते. माझ्या हातातलं बघून गोंधळले.

"आता कावून? म्या कुठं गेलतो?"

"गेलात," मी म्हणालो. "ग्रुपात नाव आहे, पण मला दिसतं. ॲडमिनला दिसतं."

त्यांनी नको म्हटलं. मी टॉवेल पुढेच धरून ठेवला. त्यांनी पुन्हा नको म्हटलं, आणि आत आक्कांनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मग दाजींनी टॉवेल घेतला, घडी न मोडता मांडीवर ठेवला आणि बाजूचा फोन उचलला.

"किती मिन्टं?"

लागतील तेवढी, मी म्हणालो. त्यांनी खाकरून गळा साफ केला, फोन तोंडाजवळ नेला आणि आपण नोकरीला पहिल्यांदा हजर झालो त्या दिवसापासून सुरुवात केली. बैल यायला अजून सहा मिनिटं होती. मी चहा बशीत ओतला.