काशीचा आवाज

आमच्या बँकेत एक बाई पासबुकाच्या खिडकीवर बसत. घर ब्रह्माघाटावर, पिढ्यान्‌पिढ्या काशीत मुरलेलं मराठी कुटुंब. ग्राहकाला "जरा ठहरा हो, मशीन गरम होतंय" असं सांगून त्या गुणगुणत बसायच्या. कोणी ऐकतंय असं वाटलं की लगेच खोकायच्या.

मुंबईच्या एका नामांकित गिटारवादकाने देवळात त्यांचं गाणं ऐकलं आणि आपल्या प्रायोगिक रॉक अल्बमसाठी त्यांना गायला लावलं. त्यांनी आठ दिवस रजा काढली. अल्बम गाजला. त्यावर नाव फक्त त्याचं; गायिकेच्या जागी 'काशीचा आवाज' एवढंच. मी चिडले, तर म्हणाल्या, "जाऊ द्या हो, ध्यानात नसेल आलं त्यांच्या."

यंदा तो इथे कार्यक्रमाला आला. त्यांना बोलावणं नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनी तिकिटं काढली. त्या नवी साडी नेसून आल्या. गिटार त्याने सुरेख वाजवली. त्यांचा आवाज मात्र कॉम्प्युटरमधून आला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "ये आवाज़ मुझे गंगा मैया ने दी है." सभागृह उठून उभं राहिलं.

शेजारच्या मुलीने डोळे पुसत त्यांना विचारलं, "आंटी, ये गाया किसने है?"

"पता नहीं, बेटा," त्या टाळ्या वाजवत म्हणाल्या.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.