भाल्याशेजारची बाई

साठच्या दशकात दुबईतल्या एका छोट्या इस्पितळात मी मिडवाइफ होते. मला सातवा महिना चालू असताना वाळवंटात जुन्या वस्तूंसाठी खोदकाम करणारे एक गोरे साहेब आमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लाकडी पेटी घेऊन आले. आत इस्लामच्या आधीच्या एका कबरीतली हाडं होती. ती दुसऱ्या दिवशी ब्रशनं साफ करायचं काम माझ्याकडे आलं.

शेजारी रत्नागिरीच्या एक म्हाताऱ्या खाला राहायच्या. त्यांना कळलं तशा त्या धावत आल्या. "पोटुशी आहेस तू. मय्यताला हात लावू नकोस गं."

आधीचं बाळ माझ्या पोटातच गेलं होतं. त्यामुळे धस्स झालं. पण नाही म्हणायची हिंमत नव्हती.

सकाळी कामाला बसले. पेटीवर चिठ्ठी होती: पुरुष, लढवय्या. उजव्या हाताशी भाल्याचं पातं सापडलं, म्हणून. उठल्यापासून बाळ हललं नव्हतं.

मग कंबरेची हाडं हातात आली. बाळाच्या वाटेची ती रुंद कमान मला डोळे मिटूनही कळली असती. गप्प बसावंसं वाटलं. साहेबांना चूक कोण सांगणार? पण ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा नजरेत येत होती. दुपारी डॉक्टर आणि साहेब काम बघायला आले.

"सर, ही बाई आहे," मी कसंबसं म्हणाले.

खोदकामवाले साहेब हसले. "मग भाला कुणाचा?"

"तिच्याच हाताशी होता ना?"

डॉक्टरांनी हाडं मापली, पुन्हा मापली. "सिस्टर बरोबर बोलतायत." साहेबांनी चिठ्ठीवरचे दोन्ही शब्द खोडले. 'बाई' लिहिलं, 'लढवय्या' मात्र परत लिहिलं नाही.

मला त्यात लक्ष घालायचं सुचेना. पोट अजून गप्प होतं. शेवटी रडतच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला तिथल्याच बाकावर झोपवून पोटाला बाळाचे ठोके ऐकायची नळी लावली. जागा बदलून बदलून ऐकत राहिले. मी कलमा पढत होते.

"आहेत ठोके," ते म्हणाले.

तरीही पुढचे दोन महिने मी तासातासाला पोटावर हात ठेवून बसायचे. मुलगी सुखरूप झाली. पुढच्या हिवाळ्यात साहेब दुसरी पेटी घेऊन आले, तेव्हा मी डॉक्टरांना सरळ नाही म्हणून सांगितलं.