न वाचलेला अहवाल

सरकारी छापखान्यातल्या बाइंडरकाकांची तीस वर्षांची ऐट एकच: "आपण कागदाची कड बघतो, अक्षर नाही." त्यांचा मुलगा दारूगोळ्याच्या कोठारातल्या स्फोटात गेला आणि वर्षाने त्याच स्फोटाचा चौकशी अहवाल बाइंडिंगला त्यांच्या टेबलावर आला. पहाऱ्यावरचे साहेब चहाला गेले, तरी काकांनी एक ओळ वाचली नाही. शिवण घातली, पुठ्ठा चढवला, अहवाल परत केला.

सुनेने रीतसर प्रत मागितली. उत्तर आलं, देशाच्या सुरक्षेसाठी देता येत नाही.

"मामंजी, चूक कोणाची ते त्यात होतं ना?"

"असेल."

"असेल? दिवसभर तुमच्या हातात होता तो!"

"नियम असतो गं."

"मग तुमच्या नातीला तुम्हीच सांगा, तिचे बाबा कशाने गेले."

नात समोर येऊन बसली. काकांनी तिला नियम सांगितला.